विद्यापीठाच्या वस्तुसंग्रहालयाला देणगी: एका सोलापूरकराचा अभिप्राय

सोलापुरातून सकाळी निघून रात्री घरी परतता येईल अशा अंतरावरील एका विद्यापीठाच्या वस्तुसंग्रहालयाला मी दोन प्रकारची देणगी दिली. एक पैशाच्या रूपाने आणि दुसरी साखर पेठेतील आमच्या बंद झालेल्या कारखान्यातल्या जॅकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेच्या, साहित्याच्या रूपाने. उपाहारगृहाच्या जेवणावर आपण अभिप्राय लिहितो, कुरिअरच्या दिरंगाईवर लिहितो. देणगी स्वीकारणे हीदेखील एक सेवाच असून तिच्यावर मात्र सहसा कोणी लिहीत नाही, कारण दिलेल्या पैशाविषयी बोलणे आपल्याकडे असभ्य समजले जाते. मला ते असभ्य वाटत नाही. विद्यापीठाचे नाव मात्र मुद्दाम लिहीत नाही, कारण जे दोष मला दिसले ते त्या एका ठिकाणचे नसून विद्यापीठांच्या छत्राखाली वाढणाऱ्या बहुतेक संग्रहालयांचे आहेत. वस्तू स्वीकारण्याच्या कामाला मी पाचपैकी चार तारे देईन, पैसे स्वीकारण्याच्या कामाला दीड.

आधी वस्तूंविषयी. सोलापुरी चादरीवरची नक्षी प्रथम चौकटींच्या कागदावर रंगवली जाते आणि त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या लांब पट्ट्यांना भोके पाडली जातात. आडव्या धाग्याच्या एका फेरीला एक कार्ड, अशी शेकडो कार्डे दोरीने एकमेकांना शिवून जॅकार्डवर चढवली की कोणता उभा धागा उचलायचा आणि कोणता खाली ठेवायचा हे ती कार्डे ठरवतात. मोराच्या नक्षीचा असा एक पूर्ण संच, त्याचा रंगवलेला मूळ कागद आणि दोन लाकडी धोटे (आडवा धागा वाहून नेणारे) आम्ही सांभाळून ठेवले होते. भंगारवाल्याने पुठ्ठ्याचा भाव रद्दीप्रमाणे सांगितला होता. संग्रहालयाची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे ते मूळचे इतिहासाचे अध्यापक. त्यांनी कार्डांचा गठ्ठा टेबलावर पसरण्याआधी खाली स्वच्छ पांढरे कापड अंथरले, कडेची चार-पाच कार्डे उन्हाकडे धरून कसर लागली आहे का ते पाहिले आणि आवक नोंदवहीत नोंद करून प्रत्येक गठ्ठ्याच्या पहिल्या कार्डामागे मऊ शिसपेन्सिलीने क्रमांक घातला. शाईचे पेन त्यांनी खिशातून काढलेसुद्धा नाही. चादर कोणी विणली, नक्षी कोणी काढली, कारखान्यात बोलली जाणारी भाषा मराठी की तेलुगू, हे सारे त्यांनी विचारून लिहून घेतले. एवढ्या काळजीने आमच्या घरातील कोणीही त्या पुठ्ठ्यांकडे कधी पाहिले नव्हते.

अडचण सुरू झाली ती ठेवण्याच्या जागेपाशी. असे पुठ्ठे आणि कापड आम्लरहित कागदात गुंडाळून, अंधाऱ्या आणि शक्यतो एकसारख्या आर्द्रतेच्या जागी ठेवावे लागतात. प्रदर्शनात मांडले तर कापडावरचा प्रकाश सुमारे ५० लक्सच्या (लक्स म्हणजे प्रकाशाचे माप) वर जाऊ नये, असा संग्रहालयांचा सर्वमान्य दंडक आहे. त्या दालनात उघड्या ट्यूबलाइट होत्या आणि पश्चिमेच्या खिडकीला पडदा नव्हता. आम्लरहित कागद मागवायचा तर तीन दरपत्रके हवीत, असा कागद पुरवणारे तीन पुरवठादार जवळपास सापडत नाहीत आणि रक्कम इतकी लहान असते की कोणी दरपत्रक पाठवण्याचे कष्टही घेत नाही. शेवटी अध्यापकांनी संकोचाने मला धुतलेले, कांजी नसलेले पांढरे मलमल आणून देता येईल का असे विचारले. कापडाच्या शहरातील माणसाला ते अवघड नव्हते. परंतु ज्या विद्यापीठाचा अर्थसंकल्प कोटींमध्ये मोजला जातो, त्याच्या संग्रहालयाने देणगीदाराकडे काही मीटर मलमल मागावे, यातच पुढची सगळी गोष्ट आली.

आता पैशांविषयी. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पैसे भरण्याची सोय आहे आणि ती तांत्रिकदृष्ट्या उत्तम चालते; यूपीआयने रक्कम क्षणात गेली. मात्र पैसे कशासाठी भरत आहात या रकान्यात परीक्षा शुल्क, पदवी प्रमाणपत्र, स्थलांतर प्रमाणपत्र, वसतिगृह अशी यादी आहे आणि शेवटी ‘इतर’. संग्रहालय नाही, देणगी हा शब्दही नाही. मी ‘इतर’ निवडले आणि पावतीवर ‘इतर जमा’ असे उमटले. त्यानंतर मी पत्र लिहून ही रक्कम संग्रहालयासाठी आहे असे कळवले, तेव्हा लेखा विभागाने नम्रपणे उत्तर दिले की रक्कम सर्वसाधारण निधीत जमा झाली आहे आणि ती संग्रहालयाकडे वळवायची असल्यास प्रस्ताव विभागाकडून यावा लागेल, तो वित्त व लेखा समितीपुढे आणि आवश्यक असल्यास व्यवस्थापन परिषदेपुढे ठेवावा लागेल. नियमाने पाहिले तर यात चूक काहीच नाही. सार्वजनिक विद्यापीठाच्या तिजोरीत आलेला पैसा कोणा एका अध्यापकाच्या शब्दावर खर्च होऊ नये, हे योग्यच आहे. परंतु संग्रहालयाला स्वतःचे लेखाशीर्ष, म्हणजे हिशेबातला वेगळा रकाना, नसेल, तर त्याच्या नावाने आलेला प्रत्येक रुपया आधी परका होतो आणि मग तो परत मिळवण्यासाठी संग्रहालयालाच अर्ज करावा लागतो. तो अर्ज लिहिणाऱ्या अध्यापकांकडे तासिका असतात, उत्तरपत्रिका असतात आणि संग्रहालयाचा कार्यभार ‘अतिरिक्त’ म्हणून दिलेला असतो. त्यातच ३१ मार्चची टांगती तलवार. मंजुरी फेब्रुवारीत आली, तर खरेदीची प्रक्रिया आटोपेपर्यंत वर्ष संपते आणि मंजूर झालेली तरतूद व्यपगत होते, म्हणजे न वापरताच संपते.

लेखा विभागाच्या बाजूने एक गोष्ट आवर्जून लिहायला हवी. मी देणगी दिली तेव्हा लागू असलेल्या प्राप्तिकर कायदा १९६१ च्या कलम ८०जीखालील, म्हणजे देणगीवरील, करसवलतीसाठी साधी पावती पुरत नव्हती. देणगी घेणाऱ्या संस्थेने १०बीडी हे विवरणपत्र ३१ मेपर्यंत भरून देणगीदाराला १०बीई हे प्रमाणपत्र द्यावे लागे. ते मला वेळेत आले, नाव आणि पॅन अचूक होते. अनेक नामवंत संस्थांकडून हे प्रमाणपत्र मागून मागून घ्यावे लागते, असा माझ्या ओळखीच्या कर सल्लागारांचा अनुभव आहे. अर्धा तारा त्यासाठीच. ज्यांनी नवी करप्रणाली स्वीकारली आहे त्यांना ही सवलत मुळातच मिळत नाही, दोन हजार रुपयांवरील रोख देणगीलाही ती नाही, आणि वस्तुरूप देणगीला तर अजिबातच नाही. म्हणजे जॅकार्डच्या कार्डांवर कर वाचेल, अशी आशा कोणी बाळगू नये.

विद्यापीठीय संग्रहालयांना पैसा का मिळत नाही याची जी कारणे सर्वसाधारणपणे सांगितली जातात, त्यांत लोकांची उदासीनता पहिली असते. सोलापूरपुरते तरी हे मला मान्य नाही. या जिल्ह्याइतके सढळ हाताने देणारे लोक थोडेच असतील. गड्ड्याच्या यात्रेत, पंढरीच्या वारीत, अक्कलकोटच्या अन्नछत्रात देणारे लोक करसवलत विचारत नाहीत. मात्र तेथे दिलेला शिधा दुपारी पानात दिसतो. संग्रहालयाचे काम याच्या नेमके उलट आहे: ते उत्तम चालले असेल तर काहीच घडत नाही, कापड विरत नाही, ताम्रपटावर गंज चढत नाही, हस्तलिखिताला वाळवी लागत नाही. काही न घडण्यासाठी पैसे मागणे हे फार कठीण काम आहे आणि ते करण्याचे प्रशिक्षण इतिहासाच्या अध्यापकांना कोणी दिलेले नसते. त्यामुळे संग्रहालये जे मागणे सोपे तेच मागतात, म्हणजे नवे दालन, नवी इमारत, कोनशिला. दालनाला देणगीदाराच्या वडिलांचे नाव मिळते, उद्घाटनाला कुलगुरू येतात, छायाचित्र छापून येते. दुसऱ्या वर्षापासून त्या दालनाचे वीजबिल, पहारेकरी, झाडलोट आणि कीडनियंत्रण यांचा खर्च पुन्हा त्याच जुन्या, अपुऱ्या तरतुदीवर पडतो. या संग्रहालयातही एका देणगीदाराच्या नावाचे प्रशस्त दालन आहे. ते कुलूपबंद होते, कारण तेथे बसायला माणूस नाही.

कायम निधी उभारावा आणि व्याजावर संग्रहालय चालवावे, हा उपाय ऐकायला सोपा आहे. व्याजाचा दर सात टक्के धरला तर दहा लाखांच्या निधीवर वर्षाला सत्तर हजार मिळतात, म्हणजे महिन्याला सहा हजारांहून कमी. एवढ्यात एक पहारेकरीसुद्धा ठेवता येत नाही. प्रशिक्षित संरक्षक, म्हणजे वस्तूंवर रासायनिक प्रक्रिया करणारा तज्ज्ञ, नेमायचा तर निधी कोटींत हवा. तेवढा पैसा देणारे एकतर मोठे माजी विद्यार्थी असतात किंवा कंपन्या.

माजी विद्यार्थ्यांची बाजू सोलापूरच्या संदर्भात विशेष विचार करण्याजोगी आहे. येथील विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी स्थापन झाले आणि एका जिल्ह्यापुरते मर्यादित असलेले विद्यापीठ म्हणून ते ओळखले जाते. २०१९ पासून त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव आहे. त्याआधी येथील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला संलग्न होती. म्हणजे आज साठी ओलांडलेला, हाती थोडा पैसा आणि वेळ असलेला पदवीधर सोलापूरकर कागदोपत्री कोल्हापूरचा माजी विद्यार्थी आहे, आणि सोलापूर विद्यापीठाचे पहिले पदवीधर अजून घराचे हप्ते फेडत आहेत. शिवाय संलग्न महाविद्यालयांच्या पद्धतीत माणसाची माया महाविद्यालयावर जडते. दयानंद किंवा वालचंद म्हटल्यावर ज्याचे डोळे चमकतात, त्याला विद्यापीठ म्हटले की गुणपत्रिका आणि पुनर्मूल्यांकनाचा अर्ज आठवतो. परदेशांतील विद्यापीठीय संग्रहालये ज्या माजी विद्यार्थ्यांच्या जोरावर उभी आहेत, तसा वर्ग येथे तयार व्हायला आणखी एक पिढी जावी लागेल, आणि तोपर्यंत संकेतस्थळावर ‘इतर’ हाच पर्याय राहिला तर तीही पिढी निसटेल.

कंपन्यांचे गणित वेगळे आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक दायित्वावर (सीएसआर) खर्च करायची असते. याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत राष्ट्रीय वारसा, कला व संस्कृतीचे जतन आणि पारंपरिक कला व हस्तव्यवसाय यांचा विकास स्पष्टपणे नमूद आहे. विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेला हा निधी घेता येतो, त्यासाठी सीएसआर-१ ही नोंदणी पुरते. म्हणजे सार्वजनिक विद्यापीठाच्या संग्रहालयाला कायद्याचे दार उघडे आहे. परंतु सोलापूरचे चादर आणि टॉवेलचे कारखाने बहुतांशी घरगुती मालकीचे, भागीदारीतले. भौगोलिक मानांकन मिळालेली चादर विणणाऱ्या बहुतेकांना पाच कोटींचा निव्वळ नफा हे स्वप्नच आहे. ज्यांच्या धंद्याचा इतिहास जपायचा, त्यांच्यावर या कायद्याचे बंधन नाही. ज्यांच्यावर आहे त्यांची मुख्यालये पुण्या-मुंबईत आणि त्यांच्या अहवालात पाण्याची टाकी किंवा शाळेचे बाक जास्त शोभून दिसतात. दरवर्षीचा निधी सहसा त्याच वर्षी संपवायचा असतो आणि चालू प्रकल्पालाही सुरुवातीच्या वर्षानंतर तीनच वर्षांची मुदत मिळते, त्यामुळे पाच वर्षांचे जतनाचे काम हाती घेण्यास त्या कचरतात.

केंद्र सरकारने १९९६ मध्ये धर्मादाय देणगी कायदा १८९० खाली राष्ट्रीय सांस्कृतिक निधी स्थापन केला, त्यात देणगीदाराला आपला प्रकल्प ठरवून देता येतो आणि त्याचा हिशेब वेगळा राहतो. विद्यापीठांना एवढी एकच गोष्ट तेथून उचलता आली असती. तिला ना नवी इमारत लागते ना नवे पद.

परदेशात सारे आलबेल आहे असा समज करून घेण्याचे कारण नाही. अमेरिकेतील ब्रँडाइस विद्यापीठाने आर्थिक मंदीत, जानेवारी २००९ मध्ये, आपले रोझ कला संग्रहालय बंद करून संग्रह विकण्याचे जाहीर केले होते. देणगीदार न्यायालयात गेले आणि २०११ मध्ये तडजोड होऊन संग्रहालय वाचले. फिस्क विद्यापीठाला जॉर्जिया ओकीफ या चित्रकर्तीने १९४९ मध्ये दिलेल्या चित्रसंग्रहावर न विकण्याची अट होती, तरी दीर्घ खटल्यानंतर २०१२ मध्ये त्यातील अर्धा हिस्सा तीन कोटी डॉलरना दुसऱ्या संग्रहालयाला देण्यात आला. पालक संस्था अडचणीत आली की तिला संग्रहालयातील वस्तू ही विकण्याजोगी मालमत्ता दिसू लागते, आणि हे एकदा घडले की पुढचा देणगीदार दहा वेळा विचार करतो. आपल्याकडे पुरावशेष व कलानिधी अधिनियम १९७२ मुळे शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंची परदेशी विक्री सहज होत नाही, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. परंतु आमच्या मोराच्या कार्डांना शंभर वर्षे झालेली नाहीत. कायद्याच्या दृष्टीने ती अजून पुठ्ठाच आहेत आणि उद्या जागा हवी म्हणून कोणी निर्लेखनाच्या, म्हणजे नोंदीतून काढून टाकायच्या, यादीत ती टाकली, तर अडवायला नोंदवहीतील तो एक क्रमांक सोडून काही नाही.

वस्तू मिळतात, त्या सांभाळण्याचा खर्च मिळत नाही, ही तक्रार भारतातही जुनी आहे. वाराणसीचे भारत कला भवन राय कृष्णदास यांच्या संग्रहातून १९२० मध्ये उभे राहिले आणि १९५० मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात आले. कलकत्ता विद्यापीठाचे आशुतोष संग्रहालय १९३७ चे. अशा थोर संग्रहांच्या मागे केंद्रीय अनुदान किंवा महानगराची पुण्याई असते. जिल्ह्याच्या पातळीवर शेतात नांगराला अडकलेली वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराची स्मारकशिला, मिळते, गावकरी विद्यापीठाला कळवतात, अध्यापक उत्साहाने जातात, आणि तेथेच प्रश्न उभा राहतो की क्रेनचे भाडे कोणत्या शीर्षाखाली घालायचे. आमच्याच जिल्ह्यातील हत्तरसंग कुडलच्या, मराठीतील अगदी जुन्या लेखांत गणल्या जाणाऱ्या इ.स. १०१८ च्या शिलालेखाचा आम्हा सोलापूरकरांना केवढा अभिमान. त्या अभिमानाला क्रेनच्या भाड्याची जोड मिळाली असती तर किती वीरगळी आज पाणवठ्यावर कपडे धुण्याच्या कामी न येता सावलीत उभ्या राहिल्या असत्या.

तिकीट आणि विक्री केंद्राबाबत लिहिण्यासारखे फारसे नाही. प्रवेश नाममात्र आहे आणि ती रक्कमही त्याच सर्वसाधारण निधीत जाते. विक्री केंद्रात विद्यापीठाचे बोधचिन्ह असलेले पेन आणि जुने स्मरणग्रंथ मिळतात. दारातल्या दानपेटीला कुलूप होते, पण ती शेवटची कधी उघडली हे तेथील शिपायालाही सांगता आले नाही.

मी पुन्हा देणगी देणार आहे, पण संकेतस्थळावरून नाही. विभागप्रमुखांच्या नावे पत्र देऊन त्यात रकमेचा हेतू लिहायचा (साठवणुकीचे कागद, खिडकीचे पडदे आणि दोन विद्यार्थ्यांचे नोंदणी कामाचे मानधन), तो मान्य असल्याचे लेखी उत्तर आल्यावरच धनादेश द्यायचा आणि ही रक्कम पाच वर्षे समान हप्त्यांत देण्याची तयारी पत्रातच नोंदवायची, असे मी अध्यापकांशी बोलून ठरवले आहे. त्यांच्या मते पाच वर्षांची लेखी हमी मिळाली, तर स्वतंत्र लेखाशीर्षासाठी प्रस्ताव मांडायला त्यांना आधार मिळेल. ज्या सोलापूरकरांच्या माळ्यावर अजून धोटे, कार्डे, रंगवलेले नक्षीचे कागद किंवा मिलमधील हजेरीची पुस्तके पडून आहेत त्यांनीही वस्तूबरोबर तिच्या सांभाळासाठी थोडी रक्कम याच पद्धतीने द्यावी, आणि आवक नोंदवहीतील क्रमांक मागून घ्यावा.

पाहायला जाणाऱ्यांसाठी सूचना: दालने फक्त कार्यालयीन वेळेत उघडी असतात, रविवारी आणि सुट्टीच्या शनिवारी बंद, त्यामुळे मुलांना घेऊन सुट्टीत जाण्याचा बेत करू नये. इतर दिवशीही आधी दूरध्वनी करून जावे. किल्ली ज्या अध्यापकांकडे असते ते परीक्षेच्या कामावर असतील तर दार उघडायला दुसरे कोणी नसते.